कार्बनची खतावणी : किनाऱ्यावरच्या छोट्या शहराने कार्बन-तटस्थतेकडे कसे जावे

वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘क’ वर्ग नगरपरिषदेचे शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेबारा हजार होती. या शहराने घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण सुरू केले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस घेतला, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात वापरले आणि जुन्या डंपिंग ग्राउंडच्या जागी लोक मुद्दाम पाहायला येतील असे स्थळ उभे केले. त्या वेळी कोणी ‘कार्बन-तटस्थता’ हा शब्द वापरत नव्हते. प्रश्न स्वच्छतेचा होता. तरीही कार्बन-तटस्थतेच्या वाटेवरचे सर्वांत अवघड काम, म्हणजे प्रत्येक घराची रोजची सवय बदलणे, तिथे झाले. मालवण, वेंगुर्ले, गुहागर किंवा श्रीवर्धन यांसारख्या शहराने हेच काम पुढे नेऊन वीज, इंधन, पाणी, मासेमारी आणि कांदळवन यांपर्यंत कसे पोचवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

कार्बन-तटस्थता म्हणजे शहरामुळे वर्षभरात जेवढे हरितगृह वायू हवेत जातात, तेवढेच शोषले किंवा भरून काढले जाणे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आणि मुंबईने मार्च २०२२ मधील आपल्या आराखड्यात २०५० हे वर्ष धरले. छोट्या शहराने वर्ष ठरवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी हिशेब करावा आणि मग वर्ष ठरवावे, कारण हिशेबावाचून जाहीर केलेले वर्ष फलकावरच राहते.

पहिली पायरी : ठराव, हद्द आणि आधारवर्ष

सुरुवात नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेतील ठरावाने व्हावी. मुख्याधिकाऱ्यांची बदली काही वर्षांत होतेच, आणि त्यांच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्यांच्याबरोबरच जाते. ठराव मात्र दप्तरी राहतो. या ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे, हे पहिले; व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहावे. दुसरे म्हणजे हद्द. शहराच्या हद्दीत जळणारे इंधन, हद्दीत वापरलेली वीज (ती कोठेही निर्माण झालेली असो) आणि शहरात निर्माण होणारा कचरा (तो कोठेही कुजत असो) हे तिन्ही हिशेबात यायलाच हवेत. कचरा शेजारच्या गावच्या माळावर टाकला म्हणून त्यातून निघणारा मिथेन आपला नाही, असे म्हणता येत नाही. मासेमारी नौका समुद्रात जाऊन डिझेल जाळतात. ज्या नौका आपल्या जेटीवर इंधन भरतात, त्यांचे डिझेल आपल्या खात्यावर धरावे.

तिसरी गोष्ट आधारवर्षाची. पुढची सगळी तुलना याच वर्षाशी होणार असल्याने ते शक्य तितके सर्वसाधारण असावे. २०२०-२१ हे वर्ष टाळावे, कारण टाळेबंदीमुळे वाहने आणि हॉटेले बंद होती आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणातील वीजपुरवठा कोलमडला होता. त्या वर्षाचे उत्सर्जन कमी दिसते, आणि त्याच्याशी तुलना केली तर पुढची प्रत्येक सुधारणा अपयशासारखी भासते.

दुसरी पायरी : खतावणी मांडणे

खतावणी म्हणजे शहराच्या उत्सर्जनाची बाबवार हिशेबवही. लहान शहरात तिच्यासाठी लागणारी माहिती गोळा करणे वाटते त्याहून सोपे असते, कारण बहुतेक आकडे कोठे ना कोठे आधीच नोंदलेले असतात. विजेचे वर्गवार युनिट महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाकडे, सिलिंडरची संख्या गॅस वितरकांकडे आणि विकलेले पेट्रोल-डिझेल पंपमालकांकडे असते. नौकांच्या डिझेलची नोंद तर विशेष विश्वसनीय असते. यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, त्यासाठी मत्स्यव्यवसाय विभाग कोटा मंजूर करतो आणि मच्छीमार सहकारी सोसायटी लिटरनिशी हिशेब ठेवते. सोसायटीच्या चेअरमनना आधी भेटून हिशेबाचा हेतू समजावून सांगावा; ही माहिती कोटा कापण्यासाठी वापरली जाणार नाही, असे लेखी द्यावे आणि ते पाळावे.

आकडे जमल्यावर त्यांना उत्सर्जनात बदलण्यासाठी मोजकेच गुणक पुरतात. ग्रीडच्या, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यातील, एका युनिट विजेमागे देशात सध्या सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो आणि १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो धरावेत. एक टन ओला कचरा उथळ डंपिंग ग्राउंडमध्ये कुजला, तर त्यातील मिथेनमुळे सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट परिणामकारक धरला जातो.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. समजा, शहरात १५,००० लोक आणि ४,००० घरे आहेत. घरटी महिना १०० युनिट धरले तर वर्षाला ४८ लाख युनिट, म्हणजे सुमारे ३,३६० टन. घरटी सात सिलिंडर धरले तर २८,००० सिलिंडरचे १,१८० टन. आठ लाख लिटर पेट्रोलचे १,८४० टन. शंभर नौकांनी प्रत्येकी ५,००० लिटर डिझेल वापरले, तर त्याचे १,३५० टन. दररोज माणशी ३०० ग्रॅम कचरा आणि त्यातील निम्म्याहून थोडा अधिक ओला धरला तर कचऱ्याचे ५०० टन. माणशी १३५ लिटर पाणी ८० मीटर उंचीवर चढवण्यासाठी जुन्या पंपांना वर्षाला ३.२ लाख युनिट लागतात, त्याचे २२५ टन. सरासरी ३० वॉटचे दीड हजार पथदिवे रात्री अकरा तास जळले, तर त्यांचे १२५ टन. एकूण बेरीज साडेआठ हजार टनांच्या आसपास जाते. दुकाने, हॉटेले आणि कारखाने यात धरलेले नाहीत. प्रत्यक्ष हिशेबात ते धरावे लागतील.

या बेरजेतून नगरपरिषदेच्या थेट हाती असलेला भाग, म्हणजे पाणी, दिवे आणि कचरा, सुमारे दहा टक्केच निघतो. हे पाहून निराश होण्याचे कारण नाही, पण ते लपवूही नये. नगरपरिषदेच्या इमारतीवर सौर पॅनेल बसवून शहर कार्बन-तटस्थ होत नाही. उरलेले नव्वद टक्के घराघरांत, नौकांवर आणि दुचाकींच्या टाक्यांत आहेत, आणि तिथे पोचायचे तर आपल्या ताब्यातले दहा टक्के आधी नीट करून दाखवावे लागतात.

तिसरी पायरी : मिथेन आधी

मिथेन हवेत सुमारे एक तप टिकतो. म्हणून आज थांबवलेल्या मिथेनचा परिणाम आपल्या डोळ्यांदेखत दिसतो आणि खर्चही तुलनेने कमी येतो. वेंगुर्ल्यासारख्या शहराचा अनुभव सांगतो की वर्गीकरण घराच्या दारातच व्हायला हवे. प्रक्रिया केंद्रावर पोचलेला मिसळलेला कचरा वेगळा करणे माणसांच्या आरोग्यालाही घातक असते. घंटागाडीत ओल्या, सुक्या, घातक आणि सॅनिटरी कचऱ्याचे कप्पे वेगळे असावेत. मिसळलेला कचरा सौजन्याने, पण ठामपणे नाकारण्याचा अधिकार सफाई कामगाराला असावा, आणि तो अधिकार वापरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावला तर प्रशासनाने त्याच्या मागे उभे राहावे.

किनारी शहराच्या ओल्या कचऱ्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. मासळी बाजारातील खवले, आतडी आणि डोकी लवकर कुजतात. त्यांत नत्र भरपूर असल्याने बायोगॅस संयंत्रात ती एकटी घातली तर अमोनिया वाढून जिवाणू मंदावतात, म्हणून ती भाजीपाला आणि हॉटेलातील शिळ्या अन्नात थोड्या प्रमाणात मिसळावीत. दुसरी गोष्ट नारळाची : शहाळी, सोडणे आणि झावळ्या बायोगॅससाठी निरुपयोगी असतात, त्या दळून काथ्या, कोकोपीट किंवा कांडीकोळशाकडे वळवाव्यात. चांगल्या चालणाऱ्या संयंत्रात एक टन ओल्या कचऱ्यापासून मिळणारा गॅस दोन ते तीन घरगुती सिलिंडरांच्या बरोबरीचा असतो. आपल्या काल्पनिक शहरात वर्षाला सुमारे दोन हजार सिलिंडर इतका गॅस निघेल; तो जवळच्या हॉटेलाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात थेट जाणे उत्तम. आपल्याकडे संयंत्रे बंद पडतात ती बहुधा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर गॅसला गिऱ्हाईक आधी न ठरवल्यामुळे.

कोकणातील बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाही. घरोघरी सेप्टिक टँक आहेत आणि त्यांतूनही मिथेन निघतो. तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसणे आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रात नेणे यामुळे विहिरींचे पाणीही वाचते. लोकांना हा मुद्दा कार्बनपेक्षा विहिरीच्या बाजूने सांगितलेला लवकर पटतो.

चौथी पायरी : पाण्याचे पंप

पथदिवे बहुतेक ठिकाणी एलईडी झाले आहेत. तिथे वेळेवर चालू-बंद करणारी यंत्रणा आणि खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या पेट्या एवढेच पाहावे. खरी बचत पंपघरात असते. त्यासाठी एकच मोजमाप महिन्याच्या महिन्याला लिहावे : हजार लिटर पाणी चढवायला किती युनिट लागले. ८० मीटर चढावासाठी भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२२ युनिट पुरे असते. चांगला पंप आणि मोटर ०.३० च्या आसपास काम करतात, ०.४४ लागत असेल तर निम्मी वीज वाया जात आहे. आपल्या उदाहरणात ०.४४ वरून ०.३१ वर आले तरी वर्षाला ९० हजारांहून अधिक युनिट वाचतात, आणि पंपाची किंमत वाचलेल्या बिलातूनच काही वर्षांत वसूल होते.

मोजण्यासाठी पंपाच्या बाहेर एक आणि उंच टाकीच्या तोंडाशी एक असे दोन प्रवाहमापक लागतात. दोन्हींतील फरक म्हणजे मुख्य वाहिनीची गळती. टाकीतून सुटलेले पाणी आणि नळपट्टीत नोंदलेले पाणी यांतील फरक म्हणजे वितरणातील गळती व अनधिकृत जोडण्या. गळलेल्या प्रत्येक थेंबासाठी वीज आधीच जळलेली असते, म्हणून गळती दुरुस्त करणे हेही उत्सर्जन कमी करण्याचेच काम आहे.

पाचवी पायरी : छतावरची वीज, किनाऱ्याच्या अटींवर

उदाहरणातील घरे, पंप आणि दिवे मिळून वर्षाला सुमारे ५३ लाख युनिट लागतात. कोकणात एक किलोवॉट सौर संच वर्षाला साधारण १,३०० युनिट देतो असे सावधपणे धरले, तर चार मेगावॉट क्षमता, म्हणजे तीन किलोवॉटची साडेतेराशे छते लागतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि तिथेच वयस्कर घरमालक अडतात. नगरपरिषदेने आठवड्यातून एक दिवस मदतकक्ष चालवला तरी छतांची संख्या वेगाने वाढते.

कोकणातील छत मात्र सोलापूरच्या धाब्यासारखे नसते. कौलारू उतार, शेजारच्या माडांची सावली, चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा या चारही गोष्टी संच घेण्याआधी पाहाव्यात. सांगाड्यावर गरम जस्ताचा जाड मुलामा असावा किंवा तो ॲल्युमिनियमचा असावा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. पॅनेलने खाऱ्या धुक्याची चाचणी पार केल्याचे प्रमाणपत्र मागावे. निसर्ग आणि त्यानंतर मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी उडवलेले पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सांगाड्याच्या बांधणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माडाखालच्या घरांना पॅनेल बसवायला भाग पाडू नये. माड तोडून सौर ऊर्जा घेणे हा चुकीचा सौदा आहे. अशा घरांसाठी शाळा, बाजारपेठ आणि बर्फ कारखान्यांची मोठी छते वापरावीत. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना कमी दर मिळतो, त्यामुळे संच वर्षाच्या वापराइतकाच घ्यावा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १२५ युनिट लागतात, आणि आजच्या ग्रीडच्या विजेवर त्यामागे सुमारे ८७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सिलिंडरमागे मात्र ४२ किलोच. म्हणजे छतावर वीज येण्याआधी सगळ्यांना इंडक्शनकडे वळवले, तर उत्सर्जन दुप्पट होईल. आधी सौर संच, मग विजेची शेगडी, हा क्रम उलटा करू नये. दुचाकीचे गणित वेगळे आहे : शंभर किलोमीटरला पेट्रोलची गाडी दोन लिटर, म्हणजे ४.६ किलो उत्सर्जन करते, तर विजेची गाडी तीन युनिटांत, म्हणजे २.१ किलोत तेवढे अंतर जाते. त्यामुळे विजेवरच्या दुचाकी आणि रिक्षा आजपासूनच घेणे योग्य आहे. छोट्या शहरात सगळे काही दोन-तीन किलोमीटरच्या आत असते, म्हणून सावलीचे पदपथ आणि एसटी स्थानकापासून बाजारापर्यंत चालता येईल असा रस्ता हीदेखील वाहतूक योजनाच मानावी.

सहावी पायरी : नौका, बर्फ आणि काजू

मोठ्या ट्रॉलरला पुरेल एवढी बॅटरी आज परवडत नाही, हे मच्छीमारांना आपल्याहून चांगले माहीत आहे. तिथे विजेच्या नौकांचे स्वप्न दाखवून विश्वास गमावू नये. त्याऐवजी डिझेल वाचेल असे उपाय त्यांच्यासमोर ठेवावेत, कारण डिझेल हाच त्यांचा सर्वांत मोठा खर्च आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात; याच काळात तळाला चिकटलेली कालवे-शिंपले खरवडणे, पंख्याची पाती तपासणे आणि इंजिनाची सर्व्हिसिंग सोसायटीमार्फत एकत्रित दराने करून घेता येते. नौकेचा वेग थोडा कमी केला तरी डिझेलची बचत मोठी होते, कारण वेग वाढला की लागणारी शक्ती त्याच्या कितीतरी पटीने वाढते. समुद्राविषयी माहिती पुरवणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती विनामूल्य मिळते. ती वापरली तर मासळी शोधत फिरण्याचे तास वाचतात. खाडीतल्या पर्यटनासाठीच्या छोट्या होड्या मात्र अंतर कमी असल्याने विजेवर सहज चालू शकतात.

बर्फ कारखान्यांचा वीजवापर मोठा असतो आणि बर्फ साठवता येतो. दुपारच्या सौर विजेवर बर्फ करून पहाटे विकणे ही बॅटरीवाचूनची साठवणच होय. काजू कारखान्यांत वाफेसाठी काजूची टरफले आणि लाकूड जळते. बॉयलरची बांधणी आणि नळ्यांचे उष्णतारोधक आवरण सुधारले की लाकूड कमी लागते आणि शेजारच्या घरांत जाणारा धूरही घटतो. बांधकामाबाबत एकच सूचना : सार्वजनिक इमारतींत स्थानिक जांभा चिरा वापरावा. तो भाजावा लागत नाही, त्यामुळे त्यात भट्टीचे इंधन नसते. मात्र चिरेखाणींना परवाना आणि खाणीनंतर जमीन भरून देण्याची अट असलीच पाहिजे.

सातवी पायरी : कांदळवन, पण वजाबाकीत नव्हे

किनारी शहराला सगळ्यांत मोठा मोह इथे होतो. कांदळवन कार्बन शोषते, आपल्याकडे कांदळवन आहे, म्हणून आपण जवळजवळ तटस्थच आहोत, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. आकडे मांडून पाहावेत. कांदळवनाच्या चिखलात वर्षाला हेक्टरी साधारण सहा ते आठ टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब गाडला जातो. म्हणजे आपल्या काल्पनिक शहराचे साडेआठ हजार टन भरून काढायला हजार ते चौदाशे हेक्टर कांदळवन लागेल. संपूर्ण महाराष्ट्राचे कांदळवन सुमारे तीस हजार हेक्टर आहे. शिवाय जे कांदळवन आधीपासून उभे आहे, त्याचे शोषण नव्याने जमेस धरणे हा हिशेबातला खोटेपणा ठरतो. नव्याने लावलेले किंवा सुधारलेले क्षेत्रच जमेस धरता येते.

कांदळवनाचे खरे मोल त्याच्या चिखलात शतकानुशतके साठलेल्या कर्बात आहे. भराव टाकून ते मारले, की तो साठा हवेत सुटू लागतो आणि वादळाच्या लाटांपुढची भिंतही जाते. म्हणून खतावणीत कांदळवनाचे पान वेगळे ठेवावे आणि त्यावर दरवर्षी तीनच नोंदी कराव्यात : क्षेत्र किती आहे, भराव किंवा तोड कोठे झाली आणि भरतीचे पाणी कोठे अडले. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करत आहे; तक्रार आणि लागवड या दोन्हींसाठी त्याच्याशी संपर्क ठेवावा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक महिलांचा बचतगट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. वन राखण्यात ज्यांचे पोट आहे, अशा माणसांची पाळत कोणत्याही कॅमेऱ्याहून चोख असते.

आठवी पायरी : पैसा आणि वर्षाचे वेळापत्रक

एकरकमी मोठ्या निधीची वाट पाहू नये. पंप आणि दिवे वाचलेल्या बिलातून स्वतःचा खर्च फेडतात. कचरा व मैला गाळाची कामे वित्त आयोगाच्या आणि स्वच्छतेच्या निधीतून, तर जेटी आणि बाजाराची छते जिल्हा नियोजन समितीतून होऊ शकतात. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार गुण मिळतात. खतावणी तयार असेल तर त्या अभियानाची बरीचशी कागदपत्रे आपोआप जमतात. बक्षिसाची रक्कम मात्र सुशोभीकरणावर न घालवता प्रवाहमापक आणि बायोगॅस यांसारख्या कामांवर लावावी. वाचलेल्या वीजबिलाची निम्मी रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली जमा करण्याचा ठराव केला, तर पुढच्या वर्षीचे काम कोणापुढे हात न पसरता सुरू होते.

वेळापत्रक कोकणच्या ऋतूंप्रमाणे बांधावे. एप्रिल-मेमध्ये मागील आर्थिक वर्षाचे आकडे गोळा करावेत. जून-जुलैमध्ये, नौका किनाऱ्यावर आणि मच्छीमार घरी असताना, सोसायटीच्या बैठका आणि नौकांची दुरुस्ती उरकावी. गणपतीत चाकरमानी गावी येतात; बंद घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याची परवानगी आणि वर्गणी तेव्हाच मिळते, म्हणून मदतकक्ष त्या दहा दिवसांत रोज उघडा ठेवावा. ऑक्टोबरपासून बांधकामे सुरू करावीत. जानेवारीत खतावणीचे एकच पान, मागच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी या वर्षाचे आकडे लिहून, मासळी बाजाराच्या आणि एसटी स्थानकाच्या भिंतीवर लावावे. वाढलेला आकडाही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावा आणि खाली त्याचे कारण द्यावे. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा असते, आणि तोवर लोकांनी ते पान वाचून नगरसेवकांना प्रश्न विचारलेले असावेत.